भांडायला माणूस समोर लागतो

ग्वाल्हेरच्या लष्करात, खासगी बाजारातल्या ज्या वाड्यात मी भाड्यानं राहतो, तिथे जानेवारीतली दुपार गच्चीवर जाते. सतरंजी, सोलायला मटार, मुरैन्याची गजक आणि ज्याचं त्याचं म्हणणं. यंदा ऊन खायला दोन पुस्तकंही वर आली होती. ती आणणारे सर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, मागच्या गल्लीतले. ती नाइलाजानं वाचायला घेणाऱ्या काकू वाड्याच्या मालकीण. माहेर सोलापूर, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. त्यांचे यजमान, गल्ली ज्यांना मेजरसाहेब म्हणते, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कुंड्यांतली माती उकरत बसतात आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवतात.

पुस्तकं ऑलिव्हिया मॅनिंग या इंग्रज बाईंची. तिनं ऑगस्ट १९३९ मध्ये रेजी स्मिथशी लग्न केलं, ओळखीला काही आठवडेच झालेले. रेजी ब्रिटिश कौन्सिलतर्फे बुखारेस्टला शिकवायचा, सुट्टीवर घरी आला होता. नवरा-नवरी रुमानियाला पोचतात तो महायुद्ध पेटलं. मग जर्मन फौज जवळ आली की यांनी गाशा गुंडाळायचा: बुखारेस्टहून अथेन्स, अथेन्सहून कैरो, तिथून जेरुसलेम. १९४५ साली मायदेशी परत. त्या वर्षांवर तिनं सहा कादंबऱ्या लिहिल्या. 'द ग्रेट फॉर्च्यून', 'द स्पॉइल्ट सिटी' आणि 'फ्रेंड्स अँड हीरोज' ही बाल्कन त्रयी १९६० ते १९६५ मध्ये आली. बारा वर्षांच्या खंडानंतर इजिप्तकडच्या तीन आल्या; त्यातली शेवटची १९८० साली, बाई वारल्या त्याच वर्षी. कादंबरीत ती हॅरिएट प्रिंगल आहे आणि नवरा गाय प्रिंगल. (या नावावर काकूंनी पहिल्याच दिवशी जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. ते छापण्यासारखं नाही.)

काकू : पहिलं पुस्तक संपवलं, भाऊजी. खरं सांगू? हिला झालंय काय, तेच कळेना. नवरा धडधाकट, नवरा समोर, हात उगारत नाही, स्वयंपाकाला बाई आहे. आणि ही आपली पहिल्या पानापासून कुढतेय.

सर : नवरा समोर आहे, हेच तिचं दुखणं आहे, वहिनी. आपल्याकडे लढाई आणि लग्न एकत्र आलं की चित्र एकच. तो मुलखावर गेलाय, ही दाराशी उभी आहे. लावणीत तीच, पोवाड्यात तीच, जात्यावर तीच. विरहाचं आपल्या भाषेत कोठार भरलेलं आहे. पण नवरा त्याच खोलीत आहे, लढायलाही गेलेला नाही, आणि तरी बाई एकटी आहे. याला मराठीत शब्द सांगा.

काकू : संसार.

सर : (हसत) हे घ्या! पण यात युद्धही आहे. गाय वाईट माणूस असता तर काम सोपं होतं. तो सगळ्यांचा आहे. विद्यार्थ्यांचा, निर्वासितांचा, उसने मागणाऱ्यांचा. तो यकिमोव्ह आठवतो ना, झारनं बापाला दिलेला कोट मिरवत लोकांच्या पैशावर जेवणारा? त्याला गाय बायकोला न विचारता घरात आणून ठेवतो. शेक्सपियरचं 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' बसवायला घेतो. आधी क्रेसिडाचं काम बायकोला देतो, मग काढून दुसरीला देतो, आणि बायकोला सांगतो, तू कपडेपट बघ. प्रयोग दणक्यात होतो आणि बाहेर बातमी येते की पॅरिस पडलं. एका बाजूला फ्रान्स बुडालाय, दुसऱ्या बाजूला हिच्या हातातली भूमिका गेलीय, आणि हिला मनातल्या मनात दुसऱ्याच गोष्टीचं जास्त लागलंय. हे कबूल करायला धाडस लागतं.

काकू : पाहुणा न विचारता आणला, याचं दुःख मला सांगू नका. माझ्या सासऱ्यांनी दोन भाचे शिकायला आणून ठेवले होते, ते दोघंही इथून इंजिनियर होऊन गेले. आणि मला तर यकिमोव्हसुद्धा चालला असता. ह्यांनी आणला असता तर.

मटार सोलणं थांबलं नाही. पण पुढचं सगळं काकू शेंगांकडे बघतच बोलल्या.

काकू : माझं लग्न मे १९८७ मधलं. जुलैच्या २९ तारखेला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला, आणि ऑक्टोबरात हे शांतिसेनेबरोबर जाफन्याला. मधले पाच महिने, त्यातही सुट्टीचे दिवस मोजले तर चाळीस. तुमच्या हॅरिएटकडे नवऱ्यानं लक्ष दिलं नाही म्हणून सहा पुस्तकं झाली. माझ्याकडे दुर्लक्ष करायलासुद्धा कुणी नव्हतं. भांडायला माणूस समोर लागतो, भाऊजी. पत्रात भांडता येत नाही. पत्र पोचायला आठवडा, उत्तर यायला आठवडा. तोवर मी कशावरून चिडले होते, ते मलाच आठवायचं नाही. आणि पत्त्यात गाव नाही. नाव, युनिट, एक आकडा, पुढे एपीओ. नकाशात बोट कुठे ठेवायचं?

सर : गंमत बघा, त्याच ऑक्टोबरात बीबीसीनं या कादंबऱ्यांची मालिका सुरू केली. केनेथ ब्रॅना गाय झाला, एमा थॉम्पसन हॅरिएट. पुढे दोघांनी १९८९ साली खरंच लग्न केलं.

काकू : टिकलं?

सर : १९९५ पर्यंत.

काकू : म्हणजे युद्ध नसतानासुद्धा.

इथे मी मधे तोंड घातलं. म्हटलं, त्या ऑक्टोबरात काकूही बीबीसीच लावून बसलेल्या असणार. त्यांनी मान हलवली. बीबीसीची हिंदी सेवा, ट्रान्झिस्टर सासूबाईंच्या उशाशी, आणि आवाज बारीक, कारण सासऱ्यांना त्या बातम्या नको असत. आकाशवाणीवर जाफना जवळजवळ ताब्यात आलेलं असे, बीबीसीवर गल्लीगल्लीतून लढाई चाललेली असे. नवी सून दोन्हींची वजाबाकी करून झोपायची.

सरांचा मुद्दा मात्र हटला नाही. ते म्हणाले, विरहाची बाई आणि सहवासातली बाई यांची तुलनाच होत नाही; दुसरीचं दुःख सांगण्यासारखं नसतं, म्हणून ते सांगायला सहा खंड लागतात. मग त्यांनी पाचव्या पुस्तकातला हिऱ्यांच्या ब्रोचचा प्रसंग सांगितला. हॅरिएटला एका मैत्रिणीनं हौसेनं दिलेला दागिना. गाय तो तिच्याकडून घेतो आणि दुसऱ्याच एका तरुणीला देऊन टाकतो, तिला बरं वाटावं म्हणून. मनात पाप असं काही नाही. बायको म्हणजे मीच, मग तिची वस्तू ती माझीच, इतकं सरळ.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

काकू : दागिना दिला? बायकोचा? दुसरीला?

सर : दिला.

काकू : मग ती काय करते?

सर : बायकामुलांना इंग्लंडला नेणाऱ्या बोटीवर तिचं नाव असतं. ती बंदरापर्यंत जाते आणि बोटीत चढतच नाही. लष्करी ट्रकमध्ये बसून दमास्कसला निघून जाते. बोट पाणतीर लागून बुडते. गायला वाटतं, बायको गेली.

काकू : आणि?

सर : रडतो. मग कामाला लागतो. पुढे ती जिवंत परत येते तेव्हाही रडतो, आणि थोड्या वेळानं व्याख्यानाला जातो.

काकू : हे मात्र तिनं बरोबर लिहिलंय.

बोटींवरून मला भलतंच आठवत राहिलं. मराठीत युद्धाच्या तोंडावरच्या प्रेमाची सर्वांत धारदार कादंबरी बोटीवरच घडते. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची, म्हणजे ऑलिव्हियाच्या लग्नाच्याच वर्षीची. चक्रधर विध्वंस युरोपातून मुंबईला परततोय, हॅर्टा ही जर्मन ज्यू मुलगी देश सुटलेली. बोट एका बंदरावरून दुसऱ्यावर जाते तेवढाच त्यांचा संसार. आणि ग्वाल्हेर समुद्रापासून कोसो दूर असलं तरी पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरची बोट होती: माधवराव शिंद्यांनी जखमी सैनिकांसाठी घेतलेली 'लॉयल्टी'. पुढे तीच बोट सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनं विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला नेली. आपला राष्ट्रीय सागरी दिन त्या तारखेचा. हे सगळं मी मोठ्यांदा बोलून दाखवलं. दोघांनीही शाळकरी पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. पण बोट ही कादंबरीकाराची सोय असते, एवढं मात्र खरं. तिथून कुणालाच निघून जाता येत नाही, आणि उतरलं की संपलं. मॅनिंगनं ही सोय नाकारली. तिची बाई बोटीत चढतच नाही, म्हणून कादंबरी पुढे चालते.

काकूंनी मग सोलापूर काढलं. ते येणारच होतं.

काकू : परदेशातलं युद्धातलं लग्न हवं तर आमच्या कोटणीसांचं घ्या ना. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून 'राजपुताना' बोटीनं पाच डॉक्टर चीनला निघाले, त्यातला हा. तिथे क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी १९४१ च्या अखेरीला लग्न केलं. बेचाळीसच्या ऑगस्टात मुलगा. नाव यिनहुआ, म्हणजे एकाच नावात हिंदुस्थान आणि चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला हा गेला, बत्तिसाव्या वर्षी. जेमतेम वर्षाचा संसार. ती बाई पुढे सोलापूरला सासरच्यांना भेटायला आली होती. आमच्याकडे मोठी माणसं सांगायची. मुलगाही ऐन तरुणपणी गेला. ती मात्र २०१२ पर्यंत जगली. सत्तर वर्षं, भाऊजी! त्या सत्तर वर्षांवर लिहा की सहा खंड.

सर : शांतारामबापूंनी ४६ साली चित्रपट केला ना. स्वतः डॉक्टर झाले आणि जयश्रीबाई छिंगलान.

काकू : तो त्याच्यावर. तिच्यावर कुठाय?

सर : तुम्ही माझंच म्हणणं मांडताय, वहिनी! आपल्याला युद्धातला नवरा दोनच प्रकारचा चालतो. मेलेला, म्हणजे पुतळा. नाहीतर परत आलेला, म्हणजे औक्षण. नाईक यशवंत घाडगे बघा. इटलीत १० जुलै १९४४ ला पडला, बाविसाव्या वर्षी, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. माणगावला पुतळा आहे. मागे राहिलेली लक्ष्मीबाई काय वयाची असेल? कोटणीसांचं लग्न शिळं व्हायला वेळच मिळाला नाही, मरणानं ते ताजं ठेवलं. मॅनिंगला रस आहे तो टिकलेल्या लग्नात. दोघंही वाचली, दोघंही एकत्र राहिली, आणि तरी काहीतरी मोडलं. आपल्याकडे प्राध्यापकावर कादंबऱ्यांची मालिकाच काढायची तर नेमाड्यांची आहे. 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत चार. पण चांगदेव बिचारा सडाफटिंग!

काकू : सुटला.

सरांचं हे बोलणं ऐकताना मला पटत होतं आणि रागही येत होता. 'टिकलेलं लग्न' हा शब्द ते पुस्तकातून उचलून बोलत होते, आणि पंधरा फुटांवर एक टिकलेलं लग्न कुंड्यांतली माती सारखी करत होतं. शिवाय मॅनिंगबद्दल माझी एक तक्रार आहे, ती मी तिथे मांडली. बुखारेस्टचे ज्यू, खेड्यातून आलेले भिकारी, कैरोचे नोकर हे तिच्या पुस्तकांत बरेचदा पडद्यावरच्या चित्रासारखे उभे असतात. पोटमाळ्यावर लपवलेला साशा हा ज्यू मुलगा आहे, पण तोही हॅरिएटच्या मनाच्या गरजेपुरता. अल अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिशांबरोबर आपली चौथी इंडियन डिव्हिजनही लढत होती. मॅनिंगचं वाळवंट मात्र सायमन बोल्डरस्टोन या इंग्रज पोराच्या डोळ्यांनी दिसतं.

सर म्हणाले, माणूस आपल्या खिडकीतून दिसतं तेवढंच लिहितो, आणि सायमनला नावं ठेवण्याआधी त्याची गोष्ट ऐका. तो आठवड्याभराचा संसार करून आघाडीवर आलाय. बायकोचा चेहरा आठवायला बसला तर आठवत नाही.

काकू बराच वेळ गप्प होत्या.

काकू : फोटोतला आठवतो. लग्नातला. हलणारा चेहरा आठवत नाही.

मग त्या जे बोलल्या, त्यानं सरांच्या मांडणीचा पायाच हलला, असं माझं मत आहे. सर अजून मानत नाहीत.

काकू : तुम्ही सारखं म्हणताय, ती परदेशात होती आणि मी घरी. कुठल्या घरी? मी सोलापूरची. आमच्याकडे बाजारात कानडी, तेलुगू, मराठी सगळं चालायचं, हिंदी फक्त पिक्चरमध्ये. लष्करात उतरले तेव्हा स्टेशनवर टांगेवाला काय बोलला ते कळलं नाही. सासरचं मराठी तरी कळेल म्हटलं, तर अर्धे शब्द हिंदी आणि उरलेले पेशवाईतले. गावाचं नाव लष्कर, पुढच्या वस्तीचं नाव कंपू. मला वाटलं, मी शहरात आले की छावणीत?

सर : छावणीच होती. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला तळ ठोकला, तो उठलाच नाही.

काकू : तेच म्हणते मी. फौजेच्या मागून बाजार आला, बाजाराच्या मागून बायका. मग मी आले. नवरा निघून गेला आणि मी त्याच्या माणसांत. कोण कुणाचा कोण, कुणाशी किती बोलायचं, कुणाला पदर घ्यायचा, काही ठाऊक नाही. सगळे त्याचे मित्र, त्याचे गुरुजी, त्याच्या आत्या. तुमच्या हॅरिएटचं बुखारेस्ट वाचताना मला दुसरं काही दिसतच नव्हतं. ती कॅफेत बसून नवऱ्याच्या माणसांकडे बघते ना? मी या गच्चीवरून बघायची. माझा परदेश खासगी बाजार होता. ह्यांचा जाफना.

सर : मग तुम्ही हॅरिएटच्या बाजूच्या झालात!

काकू : तिला काय झालंय ते कळलं, एवढंच. कुढण्याला माझा पाठिंबा नाही.

सरांनी पानिपत काढून पाहिलं. सदाशिवरावभाऊंचं प्रेत ओळखलं गेलं की नाही याचा वाद चालू राहिला आणि पार्वतीबाई, ज्या मोहिमेत बरोबर होत्या, त्यांनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही. उलट गाय बुडालेल्या बोटीची बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. काकू म्हणाल्या, पार्वतीबाईंना दुसरं काय काम होतं? हा वाद तिथेच राहिला.

काकू : आणि भाऊजी, ते 'एकत्र असून एकटं' म्हणता ना, ते मला वाचायला लागलं नाही. नव्वदच्या मार्चात हे परत आले. मद्रासला बोटी लागल्या तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नव्हते, आठवतंय? आम्ही मात्र केलं. सासूबाईंनी तुकडा ओवाळला, गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच. रस्त्यानं चालताना मला कडेच्या मातीवर पाय ठेवू द्यायचे नाहीत. डांबरावरून चाल म्हणायचे. मागून टेम्पो येतोय, हॉर्न वाजतोय, तरी डांबरावरून. मला वाटलं चपला खराब होतील म्हणून. साडी मळेल म्हणून. एवढी काळजी करणारा नवरा मिळाला, म्हणून मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंसुद्धा. सुरुंगांचं मला दोन वर्षांनी त्यांच्या युनिटातल्या एकानं सांगितलं. ह्यांनी नाही.

सरांनी विचारलं, तुम्ही विचारलंत का कधी?

काकू : भांडले. माणूस समोर होता ना आता. खूप भांडले. हे ऐकून घ्यायचे.

गच्चीवरचं ऊन भिंतीवर चढलं होतं. सरांनी पुस्तकं उचलली, दुसरं काकूंच्या पुढे ठेवलं. तेवढ्यात मेजरसाहेब हात झटकत आले, गजकेचा तुकडा घेतला आणि सरांना म्हणाले, "तो कोटवाला. यकिमोव्ह. त्याचं पुढे काय होतं?"

सर गडबडले. म्हणाले, तिसऱ्या पुस्तकात मरतो. अथेन्समध्ये. अंधारबंदी असताना रस्त्यात सिगारेट पेटवतो आणि कुणीतरी गोळी घालतं.

"सिगारेटवरून," मेजरसाहेब म्हणाले. "हो. तसंच होतं." आणि जिन्यानं खाली गेले.

काकू त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सरांकडे तिसरं पुस्तक मागितलं, दुसऱ्याच्या आधी. ते सरांकडे नाही. त्यांच्या संचात 'फ्रेंड्स अँड हीरोज' पहिल्यापासूनच नाही. आग्र्याच्या रद्दीवाल्याकडे पाचच मिळाली होती. कुणा वाचकाकडे ते असेल, आणि महिनाभर उसनं देण्याची तयारी असेल, तर कळवा. पुस्तक परत येईल, याची हमी मी देतो.